बार्शीची नोंदवही

कर्क म्हणजे खेकडा. स्तनातल्या गाठीभोवती फुगलेल्या शिरा ग्रीक वैद्यांना खेकड्याच्या नांग्यांसारख्या दिसल्या आणि त्यांनी ह्या रोगाला खेकड्याचे नाव दिले. आपला ‘कर्करोग’ हा शब्द त्याच नावाचे भाषांतर आहे. सुश्रुताने ‘अर्बुद’ म्हटले होते, पण तो शब्द ग्रंथात राहिला. खेड्यात ह्यातला एकही शब्द चालत नव्हता. ‘दुखणं मोठं आहे’ असे हळू आवाजात सांगत, आणि त्यात सगळे आले. ज्या दुखण्याला धड नाव नाही त्याची चौकशी तरी कुणाकडे करायची? म्हणून ह्या रोगाचा इतिहास सांगताना औषधे आणि किरण ह्यांच्याइतकाच, ही गोष्ट माणसांच्या कानांवर कशी गेली, कोणी घातली, हाही भाग सांगितला पाहिजे. श्रोतेहो, आज मी तेवढाच भाग घेणार आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी बऱ्याच गोऱ्या डॉक्टरांची अशी समजूत होती की, कर्करोग हा सुधारलेल्या देशांचा रोग आहे, हिंदी माणसाला तो क्वचितच होतो. समजूत सोयीची होती. इस्पितळात रोगी आला नाही, म्हणजे रोगच नाही! वास्तविक रोगी घरातच मरत होता आणि त्याची नोंद ‘ताप’ किंवा ‘म्हातारपण’ अशी होत होती. शिवाय आपल्याकडे माणसे आधीच पटकी, प्लेग आणि हिवतापाने इतकी मरत की, उतारवयातल्या रोगाची पाळी येण्याइतके आयुष्य पुष्कळांना लाभतच नसे.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, त्यांच्या स्मरणार्थ ते उभे राहिले. तेथील प्रयोगशाळेचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर, पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले तेच. खानोलकर हे विकृतिशास्त्रज्ञ. त्यांचे काम सूक्ष्मदर्शकाखाली मांसाचा तुकडा पाहण्याचे. पण हा तुकडा कुणाचा, तो माणूस कुठला, काय खातो, काय नेसतो, हे विचारण्याची त्यांना सवय होती. ह्या सवयीतून १९४५ साली एक लेख निघाला. बी. सूर्याबाई ह्या सहकारिणीबरोबर त्यांनी तो अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. विषय होता रूढी आणि कर्करोग. हिंदुस्थानात आढळणारे तीन नवे प्रकार.

ते तीन प्रकार पाहण्यासारखे आहेत. धोतराची गाठ कमरेवर वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट बसते, तिथली कातडी काळी पडते, खरखरीत होते आणि कुणाकुणाला तिथेच कर्करोग होतो. आंध्र किनाऱ्यावर ‘चुट्टा’ नावाची जाड चिरूट ओढतात. तिथल्या कित्येक बाया तिचे पेटते टोक तोंडात धरून ओढतात, आणि त्यांना टाळूचा कर्करोग होतो. उत्तरेकडे खैनी, म्हणजे तंबाखू आणि चुना मळून केलेली गोळी, खालच्या ओठाआड ठेवतात. रोग नेमका त्या खाचेत होतो. काश्मिरात थंडीसाठी पोटाशी धरायच्या कांगडीमुळे पोटाच्या कातडीवर होणारा कर्करोग तर त्याही आधीपासून डॉक्टरांना माहीत होता.

परळच्या ह्या इस्पितळात पारशी, हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, तेलंगी, बिहारी, सगळेच येत. पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग जास्त, हिंदू स्त्रियांत गर्भाशयाच्या मुखाचा जास्त, असे कागदावरून दिसू लागले. दुसरा एखादा असता तर ‘वंश वंश’ म्हणून मोकळा झाला असता. खानोलकरांनी रूढीकडे बोट दाखवले. लग्न कोणत्या वयात होते, मुले किती होतात, न्हाणीघर आहे की नाही, तोंडात काय ठेवतात, ह्यांत उत्तर शोधायचे. ह्याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. वंश बदलता येत नाही. सवय बदलता येते. पण ती ज्याची आहे त्यालाच बदलावी लागते, डॉक्टरला नाही.

मग लोकांना सांगायचे कोणी? १९५१ साली डॉ. जस्सावाला आणि नवल टाटा ह्यांनी मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटी काढली. प्रचार, तपासणी, रोग्यांना मदत अशी कामे तिने अंगावर घेतली, आणि १९६३ साली मुंबई शहराची कर्करोग-नोंदणी सुरू केली. सबंध लोकवस्तीची अशी नोंद ठेवणारी ही देशातली पहिली संस्था. शहरात नोंदणी करायची म्हणजे इस्पितळे, प्रयोगशाळा आणि मृत्यू-नोंदणीची कचेरी ह्यांच्याकडचे कागद गोळा करायचे. कष्टाचे काम आहे, पण निदान कागद असतात! खेड्यात कागदच नव्हता.

खेड्यांकडे आधी गेले ते दातांचे डॉक्टर, ही एक गंमतच म्हणायची. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दंतसंशोधनाचा एक विभाग होता. डॉ. फली मेहता त्याचे प्रमुख. साठीच्या दशकात ह्या मंडळींनी पुणे जिल्ह्यात घरोघर जाऊन १,०१,७६१ माणसांची तोंडे उघडून पाहिली. तो अहवाल १९७२ साली प्रसिद्ध झाला. आपल्या बायकांची मिश्री त्यात शास्त्राच्या दरबारी हजर झाली. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, आणि बोटाने दातांना लावायची. दात घासायला म्हणून सुरू होते, पण मग दिवसातून चार-पाच वेळा लावल्याशिवाय चैन पडत नाही. जी बाई ‘मी तंबाखू खात नाही’ असे शपथेवर सांगेल तीच कमरेच्या पिशवीत मिश्रीची डबी बाळगील, आणि दोन्ही गोष्टी ती प्रामाणिकपणे करत असेल. कारण तिच्या लेखी मिश्री म्हणजे तंबाखू नव्हेच. प्रश्न विचारणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर त्याची सगळी आकडेवारी वाया गेली.

पुढे ह्याच संस्थेच्या लोकांनी केरळात एर्नाकुलम, आंध्रात श्रीकाकुलम आणि गुजरातेत भावनगर अशा तीन जिल्ह्यांतले ३६,००० वर तंबाखू सेवन करणारे लोक निवडले. त्यांची तोंडे पाहायची, आणि व्यक्तिशः बोलून व सार्वजनिक प्रचाराने त्यांना तंबाखू सोडायला सांगायचे, असा तो प्रयोग. १९८६ साली निष्कर्ष निघाला की, सांगितल्याने लोक सोडतात. सगळे नाहीत, पण न सांगितलेल्यांपेक्षा पुष्कळ जास्त. आणि तोंडातले पांढरे चट्टेही त्या प्रमाणात कमी होतात. ‘अडाण्याला सांगून काय उपयोग’ असे म्हणणाऱ्या शहाण्यांना हे उत्तर होते.

आता बार्शीकडे येऊ.

बार्शी हे सोलापूर जिल्ह्यातले बाजाराचे गाव. भगवंताचे देऊळ, ज्वारी-तुरीची बाजारपेठ आणि १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे, ह्यांमुळे नाव सगळ्यांच्या ओळखीचे. ह्या गावात नर्गिस दत्त ह्यांच्या नावाने कर्करोगाचे रुग्णालय उभे राहिले. डॉ. भ. म. नेने ह्यांनी ते वाढवले आणि परळच्या टाटा रुग्णालयाने पाठीशी हात दिला. तालुक्याच्या गावी कर्करोगाचे रुग्णालय ही कल्पना त्या काळी धाडसाचीच होती. सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने राष्ट्रीय कर्करोग-नोंदणीची योजना १९८१-८२ साली मुंबई, बंगळूर, मद्रास अशा शहरांतून सुरू केली होती. १९८७ साली बार्शीला ग्रामीण नोंदणी उघडली. खेड्यांची म्हणून देशातली ही पहिली. बार्शी, परंडा आणि भूम हे तीन तालुके; ३४६ गावे; वस्ती सुमारे चार लाख. ह्यातली बार्शी पूर्वी मुंबई इलाख्यात आणि परंडा-भूम १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. मोजणीला मात्र ती हद्द आड आली नाही.

शहरातली पद्धत इथे चालणार नव्हती हे पहिल्या दिवशीच उघड होते. ह्या ३४६ गावांतल्या बहुतेकांत डॉक्टर नव्हता. रोगी इस्पितळात गेलाच नाही तर त्याची नोंद कोठून मिळणार? तेव्हा नोंदणीचा माणूसच गावात जायचा. तो आधी सरपंचाला, ग्रामसेवकाला, शाळामास्तरांना भेटे. गावात कोण आजारी आहे, वर्षात कोण वारले, काय होऊन वारले, हे विचारी. मग माणसे जमवून रोगाची लक्षणे समजावून सांगायची. न भरणारी जखम. न दुखणारी गाठ. घास उतरायला त्रास. बसलेला आवाज. ज्याला असे काही असेल त्याला ‘बार्शीला येऊन दाखवा’ म्हणून गळ घालायची, आणि काही काळाने पुन्हा त्याच गावात जाऊन तो गेला की नाही ते पाहायचे.

बायकांशी बोलणे हे खरे अवघड. ह्या भागात बायकांत सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग गर्भाशयाच्या मुखाचा होता. त्याची सुरुवातीची खूण म्हणजे अंगावरून पांढरे जाणे, ज्याला जुन्या बाया धुपणी म्हणत. नवऱ्याच्या संबंधानंतर रक्त दिसणे. पाळी जाऊन वर्षे लोटल्यावर पुन्हा अंगावर जाणे. ह्यातली एक तरी गोष्ट चावडीवर बोलता येते का? नवऱ्यापाशी बोलत नाहीत, सासूपाशी बोलत नाहीत. बाई दुखणे अंगावर काढते, हा आपल्या भाषेतला वाक्प्रचार उगीच पडलेला नाही. पांढरे जाणे हे तर बाईच्या जन्माला लागलेलेच, त्यात सांगायचे काय, अशी समजूत. अंगावर रक्त जात असताना देवदर्शन बंद, म्हणून पुष्कळ जणी ते लपवीत. बायकांच्या वेगळ्या बैठकी घ्याव्या लागल्या, एकेकीशी घरात बसून बोलावे लागले. ‘कर्करोग’ हा शब्द पहिल्याच वाक्यात उच्चारला तर बैठक उठून जायची. आधी लक्षण, मग उपाय आणि रोगाचे नाव सर्वांत शेवटी, हाच क्रम चालण्यासारखा होता.

एखादा कर्मठ आकडेशास्त्री इथे आक्षेप घेईल. मोजणाऱ्याने मोजावे; जे मोजायचे त्यात ढवळाढवळ करू नये. तराजू धरणाऱ्यानेच पारड्यात बोट घातले तर माप कसे राहणार? आक्षेप पुस्तकी दृष्ट्या बरोबर आहे. पण अंगावर रक्त जाणारी बाई समोर बसली असताना तिची फक्त नोंद करून उठणारा कारकून कुणाला हवा आहे? आणि झाले असे की, ढवळाढवळीचा परिणामही त्याच वहीत दिसून आला. श्रीमती कस्तुरी जयंत, डॉ. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केले की, नोंदणीच्या आरंभीच्या वर्षांपेक्षा पुढच्या वर्षांत ह्या रोगाच्या बाया लवकरच्या अवस्थेत सापडू लागल्या आहेत. १९९८ साली दुसरा लेख आला : त्या जास्त काळ जगत आहेत. मधल्या काळात कोणते नवे औषध आले नव्हते, तपासणीची कोणती मोठी मोहीम झाली नव्हती. माणसे गावात जाऊन बोलत होती, एवढेच.

ह्या बोलण्याने जो विश्वास जमला त्यावर पुढचा मोठा प्रयोग उभा राहिला. बार्शीचे रुग्णालय, टाटा रुग्णालय आणि फ्रान्समधील लिऑं येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग-संशोधन संस्था ह्यांनी मिळून उस्मानाबाद जिल्ह्यात (ज्याला आता धाराशिव म्हणतात) १९९९ साली तो सुरू केला. गावांचे ५२ गट केले. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी बाया. चार वाटे. एका वाट्यातल्या बायांची पॅप तपासणी, म्हणजे गर्भाशयमुखावरच्या पेशी काचेवर घेऊन पाहणे. दुसरीत व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून पांढरा डाग उमटतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहणे. तिसरीत पॅपिलोमा विषाणूची तपासणी. कारण हा कर्करोग त्या विषाणूने होतो हे तोवर सिद्ध झाले होते. चौथ्या वाट्यात तपासणी नाही, फक्त माहिती.

ज्या जिल्ह्यात बाई डॉक्टरापुढे बसायला तयार नव्हती तिथे बोलावलेल्या दहा बायांपैकी सुमारे आठ जणी तपासणीला आल्या. गावातच तपासणी, तपासणाऱ्या नर्सबाई, आणि बोलवायला आधीपासून ओळखीची माणसे. २००९ साली निकाल लागला. विषाणूच्या तपासणीच्या वाट्यात ३४,१२६ बाया होत्या, त्यांत ह्या रोगाने ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या वाट्यात ३१,४८८ बाया, आणि ६४ मृत्यू. आयुष्यात एकदाच केलेल्या एका तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. बाकीच्या दोन पद्धतींनी मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही. जगभर ह्या आकड्यांचा दाखला दिला जातो, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हीच तपासणी पहिली म्हणून सुचवली.

पण त्या ६४ मृत्यूंवरून पुढे मोठा वाद झाला, आणि तो झाकून ठेवणे बरे नाही. पाश्चात्त्य देशांत पॅप तपासणीने हा रोग आटोक्यात येतो हे पुष्कळ वर्षे माहीत असताना इतक्या बायांना तपासणीविना ठेवणे न्याय्य होते का, असा आक्षेप घेण्यात आला. मुंबईच्या प्रयोगावरही तोच आक्षेप आला. बाजू मांडणाऱ्यांनी सांगितले की, जिल्ह्यात अशी तपासणी मुळात नव्हतीच, कोणाचे काही काढून घेतलेले नाही. आणि आपल्या परिस्थितीत कोणती पद्धत चालेल हे तुलनेशिवाय कळणार नव्हते. पॅप तपासणी इथे चालली नाही हे तर निकालानेच दाखवले. ह्या उत्तरात तथ्य आहे. तरी माझे मत विचाराल तर ते पुरते नाही. गावात सेवा नाही, हे सरकारचे उणे. त्या उण्याचा आधार घेऊन प्रयोग करायचा तर चौथ्या वाट्यातल्या बाईला ‘अशी तपासणी असते, ती तुला इथे मिळणार नाही’ हे तिच्या भाषेत, तिला समजेल असे सांगितलेले असले पाहिजे. अंगठा उमटवून घेणे म्हणजे सांगणे नव्हे. ज्या कामाची सगळी थोरवी समजावून सांगण्यात आहे तिथे हा प्रश्न जास्तच बोचतो.

मुंबईचा प्रयोग १९९८ साली सुरू झाला, झोपडवस्त्यांतल्या दीड लाखावर बायांत. इथे गावासारखा एकजिनसी समाज नाही. एका गल्लीत मराठी, पलीकडे तमिळ, त्यापलीकडे भोजपुरी. एका खोलीत चार पिढ्या आणि आडोसा कशालाच नाही. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. शाळेपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना निवडून काही आठवड्यांचे शिक्षण दिले होते. आम्ल लावून गर्भाशयमुख पाहायचे, हाताने स्तन तपासायचे, आणि हे दर दोन वर्षांनी, चार वेळा. बोलावलेल्यांपैकी ८९ टक्के बाया तपासणीला आल्या. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. उस्मानाबादेत ही स्वस्त पद्धत एकदाच वापरली आणि पुरी पडली नाही. मुंबईत तीच पुन्हा पुन्हा वापरली तेव्हा कामाला आली. स्तनाच्या तपासणीचा निकाल २०२१ साली आला : पन्नाशीपुढच्या बायांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले, त्याखालच्या वयात तसा गुण दिसला नाही.

रोग सापडला, पुढे काय? परळला महिनोन् महिने उपचार घ्यायचे तर राहायचे कुठे? रुग्णालयाच्या आसपासच्या पदपथांवर रोगी आणि त्यांची माणसे पथारी टाकून राहत आली आहेत. इथे गाडगेबाबांची आठवण होते. बाबा १९५६ साली गेले, पण देवळे न बांधता धर्मशाळा बांधण्याचा त्यांचा बाणा मागे राहिला, आणि त्यांच्या नावाने दादरला चालणाऱ्या धर्मशाळेत देशभरचे कर्करोगी उतरतात. तिथे नवा आलेला माणूस जे शिकतो ते कोणत्याही पत्रकात नाही. किरण घेतल्यावर तोंड आले तर काय गिळवते, केस गेल्यावर ते परत कधी येतात, कोणत्या खिडकीवर कोणता कागद लागतो, हे त्याला शेजारच्या खाटेवरचा माणूस सांगतो. आणि ह्या रोगातून उठलेला माणूस डोळ्यांनी दिसतो, हे तर फारच मोठे. खेड्यात कर्करोग झालेला माणूस म्हणजे मेलेला माणूस, एवढेच सगळ्यांनी पाहिलेले असते.

बार्शीची वही अजून मिटलेली नाही. तिथली रीत पुढे टाटा रुग्णालयाच्या लोकांनी कोकणात नेली. २००३ पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या गावांतून त्यांनी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख ह्यांच्या तपासणीची शिबिरे घेतली. कोकणातले पुरुष पुष्कळसे मुंबईला, घरी बायका. आणि पुणे जिल्ह्यात तीस-चाळीस वर्षांपूर्वी दातांच्या डॉक्टरांना जी डबी सापडली होती ती इथेही घरोघर निघाली. इथली मिश्री चुलीवर भाजतात. भाजायला बसते ती घरातली कर्ती बाई, आणि तिला पाहून नात शिकते. शिबिरातल्या बाईंना म्हणून आधी आजीशी बोलावे लागते.